शिट्टीमागचं शास्त्र, भाग ९ : हाडांना शिट्ट्या किती?

गेल्या आठवड्यात कडधान्यांबद्दल लिहिलं होतं. राजमा, वाल, छोले यांचं गणित शिट्ट्यांपेक्षा भिजवण्यावर ठरतं, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर जे विचारलं गेलं त्यात कडधान्य बाजूलाच राहिलं. चिकनच्या हाडांच्या सूपला शिट्ट्या किती द्यायच्या, हेच सगळ्यांना हवं आहे. कुणाकडे गुडघेदुखीने बेजार झालेले सासरे आहेत, कुणाकडे डेंग्यूतून उठलेला मुलगा, तर कुणाला जिममधल्या ट्रेनरने ‘बोन ब्रॉथ’ घ्यायला सांगितलंय. उत्तर सोपं आहे. पहिली शिट्टी होऊ द्या, त्यानंतर एकही होऊ देऊ नका. त्यामागचं कारण मात्र जरा लांबचं आहे.

कुकर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वरण-भात येतो, पण हे भांडं मुळात निघालं ते हाडांसाठीच. दनी पापँ नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ लंडनमध्ये रॉबर्ट बॉइल यांच्याकडे काम करत होता. घट्ट झाकणाचं, वाफ कोंडणारं भांडं त्याने १६७९ मध्ये बनवलं आणि १६८१ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. हे हाडं मऊ करायचं यंत्र आहे, असं त्या पुस्तकाच्या नावातच त्याने सांगून टाकलं आहे. १२ एप्रिल १६८२ रोजी रॉयल सोसायटीच्या सभासदांना त्याने या भांड्यातलं जेवण वाढलं. रोजनिशीसाठी प्रसिद्ध असलेला जॉन एव्हलिन त्या पंगतीत होता. गुरा-मेंढरांची टणक हाडं चक्क खाता येतील इतकी मऊ झाली होती आणि कोळसा लागला तो अगदी थोडा, असं त्याने लिहून ठेवलंय. भांडं फुटू नये म्हणून पापँने झाकणाला वजनाची झडप लावली होती. आपली शिट्टी तिच्याच कुळातली. आपल्याकडे हॉकिन्स कंपनी १९५९ मध्ये मुंबईत सुरू झाली. मुलुंडचा चेकनाका ओलांडला की ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये तिचा कारखाना आहे. हाडांचं हे यंत्र आपल्या घरात आलं ते मात्र डाळ-तांदळाच्या निमित्ताने.

आता आत काय घडतं ते पाहू. उघड्या पातेल्यातलं पाणी १०० अंशांवर उकळतं आणि गॅस कितीही मोठा केला तरी त्याच्या वर जात नाही. कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब वातावरणाच्या जवळजवळ दुप्पट होतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापतं. या २० अंशांतच सगळी करामत आहे. कातडी, कुर्चा, सांधे बांधणाऱ्या दोऱ्या हे सगळं कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचं असतं. त्याचे तीन-तीन धागे एकमेकांभोवती पिळलेले असतात. पाण्यात तापवत ठेवले की हा पीळ सुटतो आणि मोकळे झालेले धागे पाण्यात उतरतात. हेच जिलेटिन. सूप ओठांना किंचित चिकटतं, गार झाल्यावर थिजतं, ते याच्यामुळे. पातेल्यात या कामाला तीन-चार तास लागतात, कुकरमध्ये पाऊण तास पुरतो.

म्हणजे सूप हाडांचं म्हटलं तरी खरा माल हाडाच्या टणक भागात नसतो, तो हाडाच्या टोकांना आणि आजूबाजूला असतो. नुसत्या तंगडीच्या नळ्या उकळून फारसं काही हाती लागत नाही. पाठ, मान, पंखांची टोकं आणि सर्वांत मोलाचे पंजे, हे सगळं एकत्र हवं. पंज्यात मांस जवळजवळ नसतंच. कातडी, कुर्चा आणि दोऱ्याच जास्त.

हा सगळा माल अंधेरी ते बोरिवली, घाटकोपर ते मुलुंड, कुठल्याही चिकन सेंटरवर मिळतो आणि कवडीमोलाने मिळतो. बोनलेसला मागणी वाढल्यापासून छातीचं मांस काढून घेतलेले सांगाडे दुकानात पडूनच असतात. पंजे तर कोंबडी सोलतानाच तोडून ओट्याखालच्या पिंपात जातात. ‘भाऊ, सूपसाठी हाडं द्या आणि पंजे पण द्या,’ म्हटलं की बहुतेक दुकानदार आधी ‘कुत्ते के लिए?’ असंच विचारतो. लाजायचं कारण नाही. घरात खायला न्यायचे आहेत, हे मात्र स्पष्ट सांगा. म्हणजे तो पिंपात हात घालणार नाही, समोर कापलेल्या कोंबडीचे देईल. सकाळी लवकर गेलात तर उत्तम.

पंजे साफ करणं हे यातलं एकमेव किचकट काम. उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून काढायचे. वरचं पिवळं पातळ साल मोज्यासारखं सुटून येतं. नखांची टोकं कात्रीने उडवायची. साल सुटत नसेल तर पुन्हा बुडवा. पण फार वेळ ठेवलंत तर खालची कातडीही फाटते आणि आपल्याला हवी असते ती तीच.

पाच लिटरच्या कुकरला पाऊण ते एक किलो हाडं-पंजे पुरतात. आधी ती साध्या पाण्यात घालून, झाकण न लावता एक उकळी काढा. करडा, तपकिरी फेस वर येईल. ते पाणी फेकून द्या, हाडं नळाखाली धुवा, कुकर घासून घ्या. आळस करून ही पायरी गाळणारे पुष्कळ आहेत. त्यांचं सूप गढूळ होतं आणि त्याला किंचित उग्र वास राहतो. मग हाडं परत कुकरमध्ये घालून ती जेमतेम बुडतील एवढंच गार पाणी ओता. साधारण सव्वा लिटर. पाणी जास्त घालण्याचा मोह होतो, कारण सूप जास्त निघेलसं वाटतं. निघतं, पण पाणचट. काहीही झालं तरी कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरू नये. एक कांदा चिरून, आल्याचा तुकडा ठेचून, लसणाच्या चार-पाच पाकळ्या, दहा-बारा मिरे, चिमूटभर हळद. तमालपत्र आवडत असेल तर घाला. मीठ आत्ता नको. पुढे सूप आटवायचं झालं तर खारट होतं आणि खारटपणा काढून घेता येत नाही.

आता शिट्टीचा प्रश्न. मोठ्या आचेवर पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करायचा, इतका की वजन फक्त हलकंसं फुसफुसेल. आणि घड्याळ लावायचं. ब्रॉयलर असेल तर ४५ मिनिटं. गावठी असेल तर सव्वा तास, कोंबडी जून असेल तर थोडं अधिकच. ब्रॉयलर जेमतेम पाच-सहा आठवड्यांचं पिल्लू असतं. त्याच्या हाडांची टोकं अजून कुर्चेचीच असतात आणि कोलॅजेन कोवळं असतं, ते चटकन सुटतं. गावठी कोंबडी वर्ष-दोन वर्षं फिरलेली असते. वयाबरोबर कोलॅजेनच्या धाग्यांमध्ये आडव्या गाठी वाढत जातात, त्या सुटायला वेळ लागतो. चव मात्र तिचीच.

प्रत्येक शिट्टीला काय होतं, याचा विचार आपण कधी करत नाही. वजन उचललं जातं, वाफ भसकन बाहेर पडते, आतला दाब क्षणभर उतरतो आणि इतका वेळ शांत असलेलं पाणी एकदम खदखदतं. त्या खदखदीत चरबीचे बारीक थेंब पाण्यात घुसळले जातात, हाडांचा भुगा सुटतो आणि सूप दुधाळ-गढूळ होतं. शिवाय आच मोठी की बारीक, कुकर केवढा, रिंग नवी की सैल, यावर दोन शिट्ट्यांमधलं अंतर बदलतं. एका घरच्या सहा शिट्ट्या दहा मिनिटांत संपतील, दुसऱ्या घरी त्यांना अर्धा तास लागेल. ‘सहा शिट्ट्या’ हे वेळेचं माप धरता येत नाही. वरणाला हे चालून जातं, सूपला चालत नाही.

वाफेबरोबर वासही जातो. घरभर घमघमाट सुटला म्हणजे तेवढी चव पातेल्यातून उडून गेली, असं समजायला हरकत नाही. ‘मॉडर्निस्ट क्विझीन’ या २०११ च्या जाडजूड पाकग्रंथानेही स्टॉकसाठी प्रेशर कुकरचीच शिफारस केली आहे. तिचं एक कारण हेच. घाटकोपर-मुलुंडच्या ज्या इमारतींत शेजारच्या दाराला तोरण जैनांचं आणि आपल्या घरात कोंबडी, तिथे तर मंद आचेचा हा फायदा सांगायला नकोच. मांसाहाराच्या वासावरून सोसायट्यांत होणारी भांडणं वर्तमानपत्रांपर्यंत जातात. आपल्या स्वयंपाकघरात आपण काय शिजवावं हे शेजाऱ्याने ठरवू नये, असं माझं स्वच्छ मत आहे. पण चव भांड्यात राहावी म्हणून वास कोंडायचा असेल तर त्याला माझी ना नाही.

वेळ झाली की गॅस बंद करा आणि कुकरला हात लावू नका. चिमट्याने शिट्टी उचलून वाफ सोडलीत तर वर सांगितलेली खदखद एकदमच होते, आणि गरम पाणी उडून भाजण्याचा धोका वेगळाच. वाफ आपोआप जिरू द्या. मग पातळ कापडातून किंवा बारीक गाळणीतून गाळा. हाडं चेपून, पिळून काढू नका.

पुढची पायरी मुंबईच्या हवेत सर्वांत महत्त्वाची, आणि तीच आपल्याकडे होत नाही. रात्री केलेलं सूप गार होण्यासाठी ओट्यावर झाकून ठेवतात आणि सकाळी फ्रिजमध्ये टाकतात. कोमट, प्रथिनयुक्त, मीठ नसलेलं पाणी ही जंतूंना घातलेली मेजवानीच. आपल्याकडची रात्र मे-जूनमध्ये तिशीच्या आसपास असते. तेव्हा गाळलेलं पातेलं परातीत गार पाणी घालून त्यात ठेवा, पाणी एक-दोनदा बदला, सूप ढवळत राहा. दोन तासांच्या आत ते फ्रिजमध्ये गेलंच पाहिजे. तिथे ते तीन दिवस चांगलं राहतं. त्याहून जास्त ठेवायचं तर छोट्या डब्यांतून फ्रीझरमध्ये टाका. पुन्हा काढाल तेव्हा चांगली खळखळून उकळी आणा.

दुसऱ्या दिवशी डबा उघडाल तेव्हा वर चरबीचा पिवळसर पापुद्रा आणि खाली थरथरणारा गोळा दिसेल. हे बघून ‘बिघडलं’ म्हणून सूप मोरीत ओतल्याच्या कथा कानावर आल्या आहेत. ते बिघडलेलं नसतं, उलट उत्तम जमलेलं असतं. गरम केलं की पुन्हा पातळ होतं. थिजलं नाही तर पाणी जास्त झालं किंवा पंजे कमी पडले. तसं सूपही प्यायला चांगलंच असतं. वरची चरबी काढून ठेवा, भाताला फोडणी द्यायला तिच्यासारखी चीज नाही. कुकर दोन-दोन तास चालवला तर मात्र जिलेटिनचे धागेच तुटू लागतात आणि थिजण्याची ताकद कमी होते. जास्त शिजवलं म्हणजे जास्त सत्त्व, असा हिशेब इथे चालत नाही.

सत्त्वाचा विषय निघालाच आहे तर औषधी दाव्यांचंही बघू. हा वादही जुनाच आहे. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये दार्से नावाच्या रसायनतज्ज्ञाने हाडांतून जिलेटिन काढून गरिबांचं पोट त्यावर भरावं, अशी योजना मांडली. तिथल्या विज्ञान अकादमीने फ्रांस्वा माजांदी या शरीरशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली समिती नेमली. कुत्र्यांना नुसत्या जिलेटिनवर ठेवलं तर ते खंगत जातात, असं त्या समितीने १८४१ च्या अहवालात सांगितलं. कारण पुढे कळलं. जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन हे शरीराला अत्यावश्यक असलेलं अमिनो आम्ल नसतंच. म्हणजे सूप हे जेवणाबरोबर घ्यायचं, जेवणाऐवजी नाही. जिमवाल्यांनी अंडी, डाळ, मासे चालूच ठेवावेत. कॅल्शियमचंही तसंच. हाडातला चुना पाण्यात फारसा उतरत नाही. चमचाभर व्हिनेगर घातलं तरी दुधाच्या पेल्याच्या जवळपासही जात नाही. सासऱ्यांच्या गुडघ्यात हे कोलॅजेन थेट जाऊन बसत नाही. पोटात त्याचे तुकडे होतात, मग शरीर ते हवे तिथे वापरतं.

सर्दीवर कोंबडीचं सूप, याला मात्र थोडा आधार आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठात स्टीफन रेनार्ड यांनी पत्नीच्या आजीच्या पद्धतीचं सूप करून तपासलं. सूज वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशींची हालचाल त्याने मंदावते, असं त्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलं. पण तो प्रयोग काचेच्या नळ्यांतला होता, आजारी माणसांवरचा नव्हता. डेंग्यूतून उठलेल्या मुलाला सूप जरूर द्या. पाणी पोटात जातं, मीठ जातं, तोंडाला चव येते. प्लेटलेट त्याने वाढत नाहीत. युरिक अॅसिड वाढलेल्यांनी, मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घेऊ नये.

आणि ‘बोन ब्रॉथ’च्या महागड्या बाटल्या विकत घेण्याआधी कोल्हापूरकडच्या कुणाला तरी अळणी पाण्याबद्दल विचारा. मटण किंवा चिकन हळद-मिठात शिजवायचं, तिखट पडण्याआधी ते पाणी काढून लहान मुलांना आणि आजाऱ्याला वाटीतून द्यायचं आणि उरलेल्यावर तांबडा-पांढरा रस्सा करायचा. हाडांचं पाणी वाया घालवायचं नाही, ही रीत तिकडे घरोघर आहे. उपनगरातल्या कुकरला ती जमायला हरकत नाही. मीठ, मिरपूड, लिंबू पिळून प्या. नाहीतर त्यातच मूगडाळीची खिचडी शिजवा.

शेवटी एक विनंती. गाळून उरलेली हाडं गेटजवळच्या भटक्या कुत्र्यांपुढे टाकू नका. त्यात शिजलेला कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्यांना विषारी ठरतो. शिवाय आतून कडक राहिलेली नळी मोडली की तिची टोकं घशात रुततात. सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाका, आणि कचरागाडी सकाळी येणार असेल तर तोवर फ्रीझरमध्ये ठेवा. पुढच्या आठवड्यात कुकरची रिंग : ती सैल का होते आणि बदलायची कधी.