जलक्षेत्रांतील तरुणांचे परिचय-मेळावे

पाण्याविषयींच्या एखाद्या मोठ्या परिषदेची कार्यक्रमपत्रिका उघडली, तर तींत अलीकडे एक बाब बहुधा आढळते : तरुण व्यावसायिकांचा परिचय-मेळावा. यालाच 'नेटवर्किंग' म्हणण्याचा प्रघात आहे. व्याख्यानें संपतात, चहा येतो, आणि छातीवर नांवाची चिठ्ठी लावलेलीं तरुण माणसें परस्परांस नांव-गांव विचारूं लागतात. बाहेरून पाहणारास हा निव्वळ कालापव्यय वाटतो, आणि कांहीं ठिकाणीं तो तसा असतोहि. परंतु पाण्याच्या कामाचें स्वरूप ध्यानांत घेतलें म्हणजे अशा भेटींची निकड कळून येते.

आपल्या घरच्या नळाचेंच पाहावें. धरण एका खात्याचें, नळांचें जाळें नगरपालिकेचें, नदीच्या प्रदूषणावरील देखरेख तिसऱ्याच कचेरीची, आणि त्या पाण्यानें कोणी आजारी पडला तर तो डॉक्टरांचा. पाणी मात्र एकच. एका कचेरींतील पत्र दुसरींत पोंचावयास पंधरवडा लागतो; दूषित पाण्यास घरांत शिरावयास एक रात्र पुरते.

याचा दाखला लंडनच्या इतिहासांत आहे. १८५४ च्या ऑगस्टअखेर सोहो भागांत ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास पटकीची भयंकर सांथ उद्भवली व सहाशेंहून अधिक माणसें दगावलीं. रस्त्यावरील पंपाचें पाणी यास कारण आहे, असें डॉ. जॉन स्नो यांनीं मृतांच्या घरांची पाहणी करून ठरविलें, आणि ८ सप्टेंबर रोजीं पंपाचा दांडा काढण्यांत आला. पण तें पाणी दूषित झालें कसें, हें त्यांस दाखवितां येईना. त्याच वस्तींत हेन्री व्हाइटहेड नांवाचा तिशीच्या आंतला धर्मोपदेशक होता. स्नो यांचें मत त्याला मुळींच पटलें नव्हतें. तें चुकीचें ठरेल या अपेक्षेनेंच त्यानें चौकशी आरंभिली. पुढें पॅरिशनें नेमलेल्या समितींत हे दोघे एकत्र आले. घरोघरच्या माणसांशीं परिचय असलेल्या व्हाइटहेडला १८५५ मध्यें असें आढळलें कीं, पंपालगतच्या ४० क्रमांकाच्या घरांतील एक तान्ही मुलगी सांथीच्या ऐन आरंभीं आजारी पडली होती, आणि तिचीं बाळोतीं धुतलेलें पाणी घरापुढील मैलाकुंडांत ओतलें जात होतें. मग सर्वेक्षकानें खणून पाहिलें. कुंडाच्या विटा निखळलेल्या, आणि पंपाची विहीर तेथून तीन फुटांच्याहि आंत! डॉक्टर, उपदेशक व सर्वेक्षक यांपैकीं कोणा एकट्याला हें कोडें उकललें नसतें.

तरुणांनीं आपण होऊन एकत्र जमण्याची रीतहि जुनीच आहे. २ जानेवारी १८१८ रोजीं लंडनमधील फ्लीट स्ट्रीटवरच्या केंडल कॉफीगृहांत मोजके तरुण स्थापत्यविशारद जमले. हेन्री पामर हा त्यांत पुढाकार घेणारा. त्यांतूनच 'इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल एंजिनिअर्स' निघाली. १८२० मध्यें थॉमस टेलफर्ड तिचे अध्यक्ष झाले आणि १८२८ मध्यें तिला राजाची सनद मिळाली. अलीकडील काळांत, १९९९ मध्यें दोन जुन्या संस्था मिळून झालेली 'इंटरनॅशनल वॉटर असोसिएशन' पस्तिशीच्या आंतील जलव्यावसायिकांसाठीं स्वतंत्र परिषदा भरवीत आली आहे. स्टॉकहोमचा जलसप्ताह १९९१ पासूनचा. तेथील जलपुरस्कार १९९३ मध्यें आपल्या माधवराव चितळे यांस मिळाला, हें कित्येकांस स्मरत असेल.

असो. मेळाव्यांचे दोषहि झांकून ठेवूं नयेत. प्रवेशशुल्क जबर असतें, त्यामुळें ज्याचा खर्च कचेरी सोसते तोच येतो. फर्डें इंग्रजी बोलणाऱ्याभोंवतीं घोळका जमतो, आणि तालुक्याच्या गांवाहून आलेला होतकरू अभियंता कोंपऱ्यांत कप हातीं धरून उभा राहतो. वास्तविक ओढ्यानाल्यांची खरी माहिती त्याच्याचजवळ! चतुर संयोजक म्हणून नुसत्या चहावर भागवीत नाहींत. एका टेबलाशीं एक रसायनज्ञ, एक अभियंता व एक आरोग्याधिकारी बसवून त्यांच्यापुढें एक खरी अडचण ठेवतात. कामाला लागलें कीं संकोच आपोआप गळतो.

अशा मेळाव्यांतून तो तालुक्याचा अभियंता परततो, तेव्हां त्याच्या वहींत चार-दोन टेलिफोन क्रमांक असतात. आषाढांत नदीला पहिला लोंढा येतो, पाणी चिखलासारखें गढूळ होतें, नेहमींच्या तुरटीनें तें निवळेना होतें, आणि गांवाला सकाळीं सहाला पाणी सोडावयाचें असतें. तशा वेळीं रात्रीं अकरा वाजतां त्यांपैकीं एका क्रमांकावर तो निःसंकोच घंटी वाजवितो.