तानसा नदीची जलगुणवत्ता

तानसा ही महाराष्ट्राच्या ठाणे व पालघर जिल्ह्यांतून वाहणारी, वैतरणेला मिळणारी नदी आहे. भिवंडी तालुक्यातील अंबाडीच्या परिसरात वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथे तिच्या पात्रात आणि काठावर गरम पाण्याचे झरे आहेत. त्यामुळे येथील पाणी तपासताना नैसर्गिक उष्णता आणि प्रदूषण यांत भेद करावा लागतो. त्यासाठी झऱ्यांच्या वरच्या व खालच्या अंगाचे नमुने घेऊन त्यांची तुलना करणे आवश्यक असते.

तापमान

पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो. गोड्या पाण्यात २०° सेल्सियसला प्रतिलिटर सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३०° सेल्सियसला सुमारे ७.५ मिलिग्रॅम. म्हणून तापमान जागेवरच मोजतात.

जिवाणू

विष्ठेतून येणारे कोलिफॉर्म जिवाणू मैलापाणी मिसळल्याचे सूचक मानले जातात. स्नानाच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे त्यांची सर्वाधिक संभाव्य संख्या ५०० पर्यंत इष्ट, तर २,५०० ही कमाल मर्यादा आहे. नमुना निर्जंतुक बाटलीत घेऊन, बर्फात ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवतात.

वलगण

पहिल्या पावसात मासे अंडी घालण्यासाठी ओढ्यांच्या प्रवाहाविरुद्ध चढतात. यास कोकणात ‘वलगण’ म्हणतात. काठावरची साचलेली घाणही त्याच पाण्यासोबत नदीत उतरते. त्यामुळे केवळ उन्हाळ्यातील नमुन्यांवरून नदीच्या आरोग्याविषयी निष्कर्ष काढणे अपुरे ठरते.