पंचेचाळीस रुपये

हतनूर धरणावर हिवाळी पक्षी पाहायला आलेल्या एकाने चहा पिता पिता मला पावती दाखवली. खोली 900, कर 45. त्याच खोलीत आदल्या आठवड्यात माझा मित्र नुसत्या 900 रुपयांत राहून गेला होता. ते डोक्यातून जाईना, म्हणून ती खोली ज्यांची, त्या काकूंच्या वरणगावातल्या घरी गेलो.

दारातच भाजल्या वांग्याचा वास. कपाशीच्या काड्यांवर भरताचं वांगं फिरवत काकू म्हणाल्या, "बसा भाऊ, एवढं भाजून घेते."

माडीवर दोन खोल्या. झाडझूड, चादरी, पहाटेचं गरम पाणी, सगळं त्या एकट्या उरकतात. खरा वेळ जातो वहीत. नाव, गाव, मोबाइल, आधारची प्रत, कुठून आले, कुठे निघाले. एकही रकाना रिकामा नाही. "अनोळखी माणूस घरात झोपतो, त्याचं नाव तरी आपल्याजवळ पाहिजे ना?" पाहिजेच. गोव्यात तर पाहुणे ठेवण्याआधी घरमालकालाच पर्यटन खात्याकडे नोंदणी करण्याचं बंधन 1982 च्या कायद्यापासून आहे, आणि ते योग्यच आहे.

पण हे पंचेचाळीस? दोन्ही खोल्या वर्षभर रोज भरल्या तरी 6,57,000 रुपये होतात. जीएसटीची नोंदणी लागते 20 लाखांच्या पुढे. म्हणून फोन करून आलेल्याला कर नाही. तोच पाहुणा बुकिंगच्या अ‍ॅपवरून आला, की कर भरायची जबाबदारी कायद्याने अ‍ॅपवर येते, घरमालकाला नोंदणी लागत नसेल तेव्हा. जुलै 2022 पर्यंत हजाराच्या आतली खोली करमुक्त होती. मग 12 टक्के आले, सप्टेंबर 2025 पासून 5. साडेसात हजारांच्या खोलीलाही तेच 5. काकूंची माडी आणि ती महागडी खोली एकाच मापाने मोजणं मला अन्यायाचं वाटतं.

काकूंचं दुखणं निराळंच. "ते पंचेचाळीस माझ्या हातात येत नाहीत. पण पाहुणा मलाच विचारतो, काकू, जास्तीचे कशाचे घेतले?" हे सांगताना त्यांचा हात वांग्याची साल काढता काढता थांबला.

निघताना वही पुन्हा चाळली. रकमेच्या रकान्यात सगळीकडे शाईने 900. अ‍ॅपवरून आलेल्या प्रत्येकाच्या नावापुढे मात्र पेन्सिलीने, बारीक अक्षरात, 45.