अनेक विश्वें आणि एक संध्याकाळ

मुलांच्या हातीं रंगीत चित्रकथेचें पुस्तक दिसलें कीं ‘हें काय भलतेंच वाचतोस!’ असें म्हणून तें काढून घेणें हा आपण वडीलधारीं माणसें आपला जन्मसिद्ध अधिकार समजतों. आम्हीही तसेंच समजत आलों होतों. परंतु गेल्या उन्हाळ्यांत माळशिरस तालुक्यांतील श्रीपूर येथें एका स्नेह्यांच्या घरीं चार दिवस राहण्याचा योग आला, आणि त्या अधिकाराविषयींची आमची खात्री डळमळली.

श्रीपूर हें साखरेचें गांव. चंद्रशेखर आगाशे यांनीं १९३४ सालीं स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या कारखान्याभोंवतीं तें वाढलें. गळिताच्या दिवसांत येथील रस्ते उंसाच्या ट्रेलरांनीं भरून जातात. आमच्या स्नेह्यांचें घर तीन पिढ्यांचें, भरलेलें. त्यांतील बारा वर्षांचा एक मुलगा मात्र माडीवर बसून एकच चित्रकथा पुनःपुन्हा वाची. कुतूहलानें आम्हीं ती मागून घेतली.

ती स्पायडरमॅनची होती. हा न्यूयॉर्कचा वीर १९६२ सालीं स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनीं निर्माण केला. त्याला कोळ्याचें बळ लाभतें. एका चोराला अडविणें सहज शक्य असतां ‘मला काय त्याचें!’ म्हणून तो त्याला जाऊं देतो, आणि तोच चोर पुढें त्याच्या काकांचा प्राण घेतो. २००४ सालीं शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनीं हीच कथा आपल्या मुंबईंत आणली. येथील नायक पवित्र प्रभाकर हा खेड्यांतून शिष्यवृत्तीवर शहरांत आलेला मुलगा. त्याला शक्ति मिळते ती एका वृद्ध योग्याकडून. एका स्त्रीची आर्त हांक ऐकूनही तो निघून जातो. त्याचे भीमकाका मात्र मदतीला धांवतात आणि मारले जातात.

एकाच वीराचीं दोन चरित्रें खरीं कशीं? याला चित्रकथाकारांचें उत्तर असें कीं, विश्वें अनेक आहेत. १९६१ सालीं गार्डनर फॉक्स यांनीं ‘फ्लॅश’च्या कथेंत एकाच नांवाचे दोन वीर दोन निरनिराळ्या पृथ्वींवर नांदविले, आणि तेव्हांपासून ही युक्ति रूढ झाली. आपल्याकडे जयंत नारळीकर यांनीं ‘गंगाधरपंतांचें पानिपत’ या कथेंत, विश्वासरावांना गोळी न लागलेलें एक जग दाखविलें आहेच. पुढें २०१४ मध्यें पवित्रही इतर विश्वांतील कोळीवीरांच्या मेळ्यांत दाखल झाला, आणि २०२३ सालच्या चित्रपटांत तर त्याचें ‘मुंबॅटन’ नगर सर्व जगानें पाहिलें. हा चित्रपट मराठींतूनही आला होता.

त्या चित्रपटांतील वाद आमच्या वाचकांना परका वाटणार नाहीं. मिगेल ओहारा नांवाचा वीर सांगतो कीं, कांहीं मृत्यु ठरलेलेच आहेत. ते टाळले तर विश्वच उसवेल. माइल्स मोरालेस हा मुलगा मुंबॅटनमधील एका पोलीस इन्स्पेक्टरला वांचवितो आणि तेथें खरोखरच भगदाड पडतें. तरीही, आपल्या पित्याचा अंत ठरलेला आहे हें कळतांच तो तो नियम साफ झुगारून देतो. दैव कीं पुरुषकार, हाच तो आपला जुना प्रश्न.

तिसऱ्या दिवशीं दिवेलागणीला त्या मुलानें एकाएकीं आजींना विचारलें, “आजी, कुठल्या तरी जगांत काका असतील ना ग? तिथल्या मीं घरीं सांगितलें असेल.”

मग सारें बाहेर आलें. गेल्या हंगामांत शाळेंतून येतांना त्याला वाटेवर टायर फुटलेला एक ट्रेलर उभा दिसला होता. मागें ना दिवा, ना लाल पट्टी. तो घरीं येऊन खेळायला गेला. रात्रीं त्याचे काका दुचाकीवरून त्याच ट्रेलरवर आदळले. ही गोष्ट त्यानें आजवर कोणालाही सांगितली नव्हती.

ते काका म्हणजे आजींचा धाकटा मुलगा. त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. त्यांचा योगवासिष्ठाचा नित्य पाठ आहे. शेवटीं म्हणाल्या, “लीलेला सरस्वतीनें दाखविलें ना, कीं तिचा गेलेला राजा दुसऱ्या जगांत राज्य करतो आहे? तसा तोही असेल हो कुठें. पण बाळ, गाडी तशी सोडून जाणारीं माणसें मोठीं होतीं. चूक त्यांची. तूं लहान होतास.” आणि थांबून, “वसिष्ठांनीं त्याच ग्रंथांत रामाला दैवाच्या भरंवशावर बसूं दिलें नाहीं, हेंही मीं रोज वाचतें.”

मुलाचे वडील दारांत उभे होते. ते हळूंच म्हणाले, “आई, आपल्या दोन्ही ट्रेलरांना तरी पट्टी कुठें आहे?”

दुसऱ्या दिवशीं ते अकलूजहून चकाकत्या लाल पट्ट्यांचीं भेंडोळीं घेऊन आले. हंगाम संपल्यानें ट्रेलर अंगणांतच उभे होते. मुलानें फडक्यानें धूळ पुसावी, वडिलांनीं पट्टी चिकटवावी, असें दुपारपर्यंत चाललें. रात्रीं मुलानें दूरवरून विजेरीचा झोत टाकून पाहिला; पट्ट्या लखलखल्या. आम्ही निघालों तेव्हां शेजाऱ्यांच्या ट्रेलरचें काम सुरू झालें होतें.

वाचकहो, आपल्याही घरीं असें एखादें पुस्तक मुलाच्या हातीं असेल. तें काढून घेण्यापूर्वीं घटकाभर त्याच्याशेजारीं बसावें, आणि तो कोणतें पान पुनःपुन्हा उघडतो तें पाहावें, एवढीच आमची विनंति आहे.