जुन्या पायाशेजारी खोदताना
जुनं घर, नवं काम : लेखांक ६

मागच्या लेखात आपण भिंतीवरच्या भेगा पाहिल्या. आज भिंतीच्या खाली उतरू. जुन्या घराचं मोठं काम काढलं की पाण्याची भूमिगत टाकी, गाडीसाठी तळघर किंवा वर चढणाऱ्या मजल्यासाठी पाया खोल नेणं, यातलं काहीतरी निघतंच. या प्रत्येक कामात जुन्या पायाला लागून खोदावं लागतं. घराला सगळ्यात मोठा धोका असतो तो याच दिवसांत.

भारवाही भिंतींच्या घराचं सगळं ओझं पायावाटे मातीवर येतं. दाबलेली माती बाजूला सरकू पाहते आणि शेजारची माती तिला अडवून धरते. ज्वारीचं भरलेलं पोतं माणसाचं वजन सहज पेलतं. तेच एका बाजूने उसवलं तर वरचा माणूस खाली येतो. जेसीबीने भिंतीलगत एका दिवसात सलग चर मारणं म्हणजे ते पोतं उसवणंच.

किती अंतरावर खोदलं तर चालेल? वेगवेगळ्या पातळ्यांवरच्या शेजारी पायांसाठी आयएस १९०४ या भारतीय मानकाचा नियम ठोकताळा म्हणून उपयोगी आहे : उतार दोनास एक, म्हणजे दोन आडवे, एक उभा. टाकीचा तळ जुन्या पायाच्या तळापेक्षा १.५ मीटर खोल जाणार असेल, तर ती पायापासून निदान ३ मीटर लांब हवी. एवढी जागा नसेल, तर आधी घराला धिरे द्यायचे आणि पाया टप्प्याटप्प्याने खाली न्यायचा.

धिऱ्यांचे दोन प्रकार इथे कामाचे. भिंत बाहेर झुकू नये म्हणून तिरके धिरे. त्यांचा जमिनीशी कोन साधारण ४५ ते ७५ अंशांचा ठेवतात. वरचं वजन उचलून धरायला उभे धिरे : भिंतीला एक ते दोन मीटर अंतरावर आरपार भोकं पाडून त्यांतून गर्डर घालतात आणि दोन्ही टोकांखाली टेकू देतात. टेकूचा पाय जाड फळीवर आणि खोदाईच्या पट्ट्याबाहेर हवा. पाचर आवळून बसवा, पण भिंत उचलली जाईपर्यंत ठोकू नका. त्याआधी वरच्या मजल्यावरचं जड सामान उतरवा आणि दारं-खिडक्यांच्या मोकळ्या चौकटी आतून लाकडाने आवळून घ्या.

आता पाया. आठ मीटरची भिंत असेल तर तिच्यावर खडूने एकेक मीटरचे आठ भाग आखा. आधी १ आणि ५ खोदायचे, मग ३ आणि ७, मग २ आणि ६, शेवटी ४ आणि ८. अशाने एका वेळी फक्त पाव भिंतीखालची माती निघते आणि लागून असलेले दोन भाग कधीच एकदम उघडे पडत नाहीत. प्रत्येक खड्ड्यात काँक्रीट जुन्या पायाच्या तळाखाली सुमारे ७५ मिलिमीटरपर्यंतच भरतात. काँक्रीट घट्ट होताना थोडं आकसतं. ते थेट तळाला भिडवलं, तर मध्ये फट राहून भिंत नंतर बसते. म्हणून दुसऱ्या दिवशी ती जागा जेमतेम ओलसर सिमेंट-वाळूने ठासून भरायची. ते पक्कं झाल्यावरच पुढचे भाग खोदायचे. धिरे काढायचे तेही नवं काम पुरेसं घट्ट झाल्यावर, एकेक करून.

खड्ड्यात उतरणाऱ्या माणसाचा जीव यापेक्षा मोठा. १.५ मीटरहून खोल चराच्या कडांना फळ्या-आडव्यांचा आधार द्या किंवा त्या उताराच्या ठेवा. निघालेली माती काठावर रचू नका. तिचं ओझं चराची कडा आत ढकलतं. भेगांवर काचपट्टी चिकटवा, ओळंबा रोज लावा. काच तडकली की काम थांबवून इंजिनिअरला बोलवा. खोदाई पावसाळ्याआधी संपवा. काळी माती भिजली की फुगते आणि मऊ पडते. पुण्यात कोंढव्यात २९ जून २०१९ च्या पावसाळी रात्री सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या शेडवर कोसळली आणि १५ जणांचा जीव गेला.

शेजाऱ्याचं घरही तुमच्या मातीच्या आधाराने उभं असतं. हा आधार त्याला वीस वर्षं शांतपणे आणि अखंड हक्काने मिळत आला असेल, तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार तो त्याचा हक्क ठरतो. म्हणून खोदाईपूर्वी त्याला कळवा आणि त्याच्या भिंतींचे तारखेसह फोटो दोघांनी मिळून काढून ठेवा.

टप्प्यांनी केलेल्या कामाला जेसीबीच्या एका दिवसाऐवजी काही आठवडे लागतात आणि खर्चही वाढतो. तरीही धिऱ्यांचा आराखडा, भागांचा क्रम आणि प्रत्येक टप्प्यानंतरची थांबण्याची मुदत ठेकेदाराच्या करारात लिहून घ्या, त्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्या आणि मगच पहिली कुदळ मारू द्या.