विजेची गाडी आणि घरचे अर्थिंग

परळीच्या वीजकेंद्राला पाणी लागते, हे बीड जिल्ह्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. १९७१ साली तिथला पहिला संच सुरू झाला, आणि २०१३ च्या दुष्काळात पाण्यावाचून ते केंद्र बंद ठेवावे लागले, हे आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. पण आपल्या ओसरीत लावलेल्या गाडीच्या चार्जरलाही पाणी लागते असे म्हटले, तर तुम्ही म्हणाल, ही काय थट्टा? थट्टा नाही. कशी ते सांगतो.

आधी चार्जर म्हणजे किती ओझे, ते पाहू. विजेच्या स्कूटरबरोबर येणारा चार्जर बहुधा ७५० वॅटच्या आसपास असतो. म्हणजे एका इस्त्रीएवढा. मोटारीचा लहान चार्जर ३.३ किलोवॅटचा, आणि भिंतीवर बसवायचा मोठा ७ किलोवॅटच्या वर जातो. आता इस्त्री आपण पाव तास वापरतो, आणि तीही मधूनमधून आपोआप बंद होते. चार्जर मात्र एकदा लावला की चार-चार, सहा-सहा तास एकसारखा वीज ओढत राहतो. घरच्या तारांना अशी सवय नसते. फरक आहे तो इथेच.

तारेत प्रवाह दुप्पट झाला की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. मोटारीचा लहान चार्जर साधारण १५ अँपिअर घेतो. मीटरपासून अंगणापर्यंत २० मीटर अंतर आहे आणि तार जुनी, १ चौरस मिलिमीटरची आहे, असे धरा. जाऊन-येऊन ४० मीटर तांब्यात दीडशेहून जास्त वॅट नुसते तापण्यात जातील. जुना शंभराचा दिवा किती तापत असे, आठवा. आणि तारेपेक्षाही वाईट तो ढिला जोड. सॉकेटच्या आत पिन सैल बसली आणि तिथे अवघा ०.२ ओमचा अडथळा आला, तर त्या एका बिंदूवर ४५ वॅट उष्णता होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते, आणि ते शिसे वितळवते! म्हणून चार्जरसाठी मीटरपासून सरळ वेगळी तार आणावी. मधे जोड नको, एक्स्टेंशन बोर्ड तर नकोच. १५ अँपिअरला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, ३२ अँपिअरला निदान ६ ची, आणि अंतर लांब असेल तर त्याहून जाड.

आता अर्थिंगकडे येतो. गेल्या मे महिन्यात धारूरच्या डोंगराकडे एका गावी पाहुण्यांकडे गेलो होतो. त्यांनी नवी स्कूटर घेतलेली. म्हणाले, ‘‘गाडी छान आहे हो, पण चार्जिंगला लावली की हात लावल्यावर झिणझिण्या येतात. म्हणून आम्ही चप्पल घालूनच पिन काढतो.’’ घरातली पोरे अनवाणी खेळत होती. मी अर्थिंगचा खड्डा कुठे आहे विचारले, तर तो तुळशीवृंदावनामागे सापडला. माती पापडासारखी कोरडी, आणि घर बांधल्यापासून त्यात कुणी तांब्याभर पाणी घातलेले नव्हते. आंघोळीचे पाणी दोन-तीन बादल्या त्यात सोडले, आणि संध्याकाळी झिणझिण्या थांबल्या.

हे कसे झाले? चार्जरच्या आतल्या रचनेतच थोडीशी वीज त्याच्या धातूच्या अंगावर येते, आणि हिरव्या तारेने जमिनीत निघून जाते. जमिनीचा रस्ता बंद असला की तीच वीज आपल्या हाताला कळते. तेवढ्याने माणूस मरत नाही. पण झिणझिणी हा निरोप आहे, की तुमच्या घराला अर्थिंग उरलेले नाही. आणि मग एखाद्या दिवशी आतली तार खरीच उघडी पडली तर?

इथे थोडा हिशेब करू. बालाघाटावरचा मुरूम आटला की अर्थिंगचा रोध ५० ओमवर सहज जातो. २३० भागिले ५०, म्हणजे बिघाडाच्या वेळी फक्त ४.६ अँपिअर वीज जमिनीत जाईल. आपला एमसीबी १६ अँपिअरचा. त्याला वाटते, सगळे ठीक आहे! तो पडत नाही, आणि गाडीचे अंग विजेने भरलेले राहते. गोदाकाठच्या काळ्या मातीतल्यांनीही निश्चिंत राहू नये. ती माती ओलावा धरते खरी, पण उन्हाळ्यात भेगाळून अर्थिंगच्या नळीपासून सुटते. मग नळी नुसत्या हवेत उभी.

म्हणून दोन गोष्टी हव्यात, एक नव्हे. खड्डा ओला हवा, आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा; आपल्याकडचे वायरमन त्याला ईएलसीबीही म्हणतात. गेलेली वीज आणि परत आलेली वीज हा खटका तोलत असतो. थोडी जरी जमिनीत गळली तरी तो पडतो, वरचे ४.६ अँपिअर तर त्याला फारच झाले. मोटारीसाठी दुकानातला साधा ‘एसी’ प्रकार घेऊ नये, निदान ‘ए’ प्रकारचा मागावा. आणि डीसी गळती ओळखण्याची सोय चार्जरमध्ये आहे की नाही, हे विकणाऱ्याला विचारावे. नसेल तर महागडा ‘बी’ प्रकार घ्यावा लागतो.

एक वाईट खोड मात्र सांगितलीच पाहिजे. खड्डा खणण्याचा कंटाळा म्हणून काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून देतात. दिवा लागतो, चार्जर चालतो, मालक खूश. पण वाऱ्या-वादळात डीपीकडची न्यूट्रल तुटली, की गाडीच्या अंगावर पुरता २३० व्होल्टचा दाब येतो. तशीच गत तिसरी पिन मोडून दोन भोकांत प्लग बसवणाऱ्यांची.

शेतातल्या वस्तीवर राहणाऱ्यांची अडचण निराळी. त्यांची लाईट बहुधा शेतीच्या फीडरवर, पाळीपाळीने येणारी. ती जिथे रात्री येते तिथे गाडीही रात्रीच भरायची. अशा वेळी आकडा टाकून किंवा मोटारीच्या पेटीतून तार ओढून चार्जर लावण्याचा मोह होतो. तिथे ना अर्थ, ना खटका, आणि अंधारात ओल्या रानात पाय. त्यापेक्षा गावठाणात भाऊबंदांच्या घरी गाडी लावलेली बरी. घरच्या इन्व्हर्टरवर ती भरू नये. १५० अँपिअर-तासाच्या एका बॅटरीत दोन युनिटसुद्धा वीज नसते.

कागदाचे काम फार नाही. स्वतःची गाडी घरच्या मीटरवर भरता येते. मात्र मंजूर भार किती आहे तो बिलावर पाहावा, आणि मोटारीचा चार्जर त्यात बसत नसेल तर आधी महावितरणकडे भार वाढवून मागावा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या नियमांनुसार गाडीसाठी वेगळी जोडणीही मागता येते. काम परवानाधारक माणसाकडून करून घ्यावे, आणि अर्थिंगचा रोध मीटर लावून मोजून घ्यावा. आरसीसीबीवरचे ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबावे. पण खटका पडला म्हणजे अर्थिंग चांगले, असे समजू नये. ते बटण फक्त खटका तपासते. अर्थिंग मोजायचे ते वैशाखात. श्रावणात मोजाल तर कुठलाही खड्डा चांगलाच निघेल.