आखूड गिटार, उतरलेल्या तारा : लेखांक ६

तारेचा जेवढा भाग कंप पावतो, म्हणजे नटपासून ब्रिजवरच्या सॅडलपर्यंतचा, त्याच्या लांबीला गिटारची स्केल म्हणतात. ती मोजण्याची रीत सोपी आहे. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचे अंतर घ्यावे आणि दुप्पट करावे, कारण बारावा फ्रेट या लांबीच्या बरोबर मध्यावर असतो. थेट सॅडलपर्यंत मोजले तर आकडा किंचित जास्त येतो. दाबलेला सूर चढू नये म्हणून सॅडल मुद्दाम थोडे मागे सरकवलेले असते. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर आणि टेलिकास्टर या गिटारांची स्केल २५.५ इंच, गिब्सनच्या लेस पॉलची २४.७५ इंच, तर नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारची साधारण ६५० मिलिमीटर. २४ इंच किंवा त्याहून कमी भरणाऱ्या गिटारला या लेखात शॉर्ट स्केल म्हटले आहे.

अशा गिटारांना ‘शिकाऊंची गिटार’ हा शिक्का बसला तो त्यांच्या जन्मापासूनच. फेंडरने १९५६ साली म्युझिकमास्टर आणि ड्युओ-सॉनिक ही २२.५ इंची मॉडेल्स काढली ती विद्यार्थ्यांसाठी. १९६२ची जॅग्वार मात्र २४ इंची असूनही कंपनीच्या महागड्या गिटारांत गणली गेली, आणि १९६४ साली मस्टँग आली. जॉन लेननने १९६० साली हॅम्बुर्गमध्ये घेतलेली रिकनबॅकर ३२५ तर अवघी २०.७५ इंचांची होती. कर्ट कोबेनने मस्टँग आणि जॅग्वार मंचावर वाजवल्या, त्याही बरेचदा अर्ध्या सुराने उतरवून. तेव्हा हा शिक्का अन्यायाचाच म्हणायला हवा.

तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, ताण आणि दर इंचाचे वजन. फ्रान्सच्या मारँ मेर्सेनने १७व्या शतकात हे नियम मांडले. त्यातला इथे कामाचा भाग एवढाच, की तीच तार त्याच सुराला लावायची असेल तर लागणारा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २५.५ वरून २४ इंचांवर आले की लांबी सुमारे ६ टक्के घटते, पण ताण ११ टक्क्यांहून जास्त उतरतो. २२.५ इंचांवर तो २२ टक्क्यांनी कमी होतो. ०.०१० इंच जाडीची पहिली तार २५.५ इंची गिटारवर ई सुराला साधारण ७.३ किलोच्या ताणाने ओढलेली असते. २४ इंचीवर तीच तार ६.५ किलोवर येते. बोटांना हा फरक पहिल्या मिनिटात कळतो.

हेच घरच्या घरी तपासता येते. २५.५ इंची गिटारच्या पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारी पकड, लावावा. आता कॅपोपासून ब्रिजपर्यंत जवळपास २४.०७ इंच तार उरते. म्हणजे मस्टँग ही एका अर्थी पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून पुन्हा ई सुरापर्यंत उतरवलेली स्ट्रॅटोकास्टरच आहे. २२.५ इंची गिटार दुसऱ्या फ्रेटच्या किंचित पुढे येते. बेबी टेलरसारखी २२.७५ इंची प्रवासी गिटार तर जवळजवळ नेमकी दुसऱ्या फ्रेटवरच. शॉर्ट स्केलचा हिशेब करताना ही कॅपोची आठवण ठेवली की पुढचे बहुतेक कोडे सुटते.

लांबी घटली की फ्रेटही जवळ येतात. नटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचे अंतर २५.५ इंचीवर सुमारे १३४ मिलिमीटर भरते, २४ इंचीवर १२६ आणि २२.५ इंचीवर ११८. लहान हाताला हे ८ ते १६ मिलिमीटर फार मोठे असतात. एरवी करंगळी न पोचणारे कॉर्ड त्यामुळे सहज बसतात.

आता ट्यूनिंगकडे. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये जाड तारेकडून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी, बी, ई असे सूर असतात. फक्त सहावी तार ई वरून डी वर उतरवली की ‘ड्रॉप डी’ होते. सगळ्या तारा मोकळ्या छेडल्यावर एकच कॉर्ड वाजेल अशी जुळवणी म्हणजे ‘ओपन’ ट्यूनिंग. ओपन डी म्हणजे डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. डी हा षड्ज मानला तर हे होते सा, प, सा, ग, प, सा. ओपन जी म्हणजे डी, जी, डी, जी, बी, डी. जी हा षड्ज धरल्यास प, सा, प, सा, ग, प. कीथ रिचर्ड्स यातली सहावी तार काढूनच टाकतो आणि पाच तारांवर वाजवतो. तंबोरा ऐकत वाढलेल्या कानाला या जुळवण्या परक्या वाटत नाहीत. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्ही ग्रॅहम या इंग्लंडच्या गिटारवादकाने रुळवलेले डी, ए, डी, जी, ए, डी हे ट्यूनिंग तर सरळ सा, प, सा, म, प, सा आहे. त्यात गंधारच नाही, त्यामुळे कोमल गंधाराची धून असो वा शुद्ध गंधाराची, तारा मध्ये येत नाहीत. मोरोक्कोतले ऊदवादन गिटारवर उतरावे म्हणून त्याने ही जुळवणी घेतली, असे सांगतात.

तारा उतरवून गिटार वाजवण्याच्या हवाईमधल्या परंपरेचे नाव ‘की होआलू’, आणि त्याचा अर्थच खुंटी सैल करणे असा. हे नाव नेमके आहे, कारण ड्रॉप डी, ओपन डी, ओपन जी या सगळ्या जुळवण्यांत एकही तार चढवावी लागत नाही, काही तारा फक्त उतरतात.  

शॉर्ट स्केलची खरी अडचण इथेच सुरू होते. पूर्ण सुराने उतरवलेल्या तारेचा ताण सुमारे २१ टक्के कमी होतो. लांबी आखूड असल्यामुळे आधीच गेलेले ११ टक्के त्यात मिळवले की २४ इंची गिटारवर ड्रॉप डी लावताना सहाव्या तारेचा ताण २५.५ इंची गिटारच्या नेहमीच्या ई च्या तुलनेत ३० टक्के कमी भरतो. ०.०४६ इंचाची तार ७.९ किलोवरून ५.६ किलोवर येते. मग ती जोरात छेडली की झोके घेते, फ्रेटवर आपटते आणि करकरते. तंबोऱ्याची जवारी हवीहवीशी असते. ही करकर नको असते. शिवाय छेडल्याच्या क्षणी सूर चढा लागतो आणि मग खाली घसरतो, आणि बोटाचा दाब थोडा जास्त पडला तरी फ्रेटवरचा सूर बेसूर होतो. दोष अनेकदा गिटारला दिला जातो. तो तारांच्या निवडीचा असतो.

उपाय जाड तारांचा. ताण तारेच्या जाडीच्याही वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून थोडी जाडी पुष्कळ ताण परत आणते. २५.५ इंचीवर १० च्या, म्हणजे पहिली तार ०.०१० इंचाची असलेल्या, संचाची सवय असलेल्या हाताला २४ इंचीवर नेहमीच्या ट्यूनिंगसाठी ११ चा संच जरा कडक लागतो. अर्ध्या सुराने उतरवल्यास तोच नेमका बसतो. सगळी गिटार पूर्ण सुराने, म्हणजे डी पर्यंत, उतरवायची तर १२ चा संच घ्यावा. ताण जवळपास जसाच्या तसा परत मिळतो. नुसत्या ड्रॉप डी साठी बाकीचा संच ठेवून सहावी तार तेवढी ०.०५२ ते ०.०५४ ची घेतली तरी भागते.

संच बदलला की गिटारची मांडणीही बदलावी लागते. जाड तार नटच्या खाचेत अडकली तर खुंटी फिरवताना सूर टिचक्या खात सरकतो, म्हणून खाच कानशीने रुंद करून घ्यावी. एकूण ताण बदलल्याने मान वाकते किंवा उलटी तणते; ती मानेच्या आतल्या सळईने, म्हणजे ट्रस रॉडने, सरळ करावी. शेवटी प्रत्येक तारेचे सॅडल, बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक जुळेपर्यंत, पुढे-मागे सरकवावे. हा क्रम उलटा केला तर काम दोनदा करावे लागते.

उलट दिशेला शॉर्ट स्केलचे राज्य आहे. साधी पोलादी तार कोणत्या सुराला तुटेल हे मुख्यतः तिच्या लांबीवर ठरते, जाडीने त्यात फारसा फरक पडत नाही. २५.५ इंचांवर पहिली तार ई वरून ए पर्यंत चढवली तर ती तुटण्याच्या सीमेवर येते. आखूड गिटारवर तोच ताण बराच वरच्या सुरावर येतो. १९व्या शतकातली टेर्झ गिटार नेहमीपेक्षा तीन अर्ध्या सुरांनी वर लावली जाई आणि माउरो जुलियानीने आपला तिसरा कन्चेर्टो तिच्यासाठी लिहिला. मेक्सिकोची रेकिंतो तर पाच अर्ध्या सुरांनी वर असते.

खाली उतरण्याला मात्र मर्यादा आहे. तार जाड आणि आखूड होत गेली की ती दांडीसारखी ताठ होते, तिचे वरचे स्वर मूळ सुराशी जुळेनासे होतात आणि आवाज बोथट पडतो. २४ इंची गिटारवर डी पर्यंत निर्धास्त जावे, सी पर्यंत जपून. त्याहून खाली वाजवायचे असेल तर २७ ते ३० इंचांची बॅरिटोन गिटार घ्यावी. ती त्याच कामासाठी बनवलेली असते.